म्हशीच्या दगडीला डॉक्टर, सुनेच्या गाठीला पडदा

गेल्या महिन्यात एका घरातून मला निरोप आला. निरोप आणणारी बाई ओळखीचीच, त्यामुळे तिने तो जरा गुळगुळीत करून सांगितला. मतलब एवढाच होता की आपांनी आमच्या सुनेला बेपर्दा केलं, आपांनी शाळेतलं शिकवणं शाळेत ठेवावं.

आपा म्हणजे मी. देगलूरला उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते, वीस वर्षं होत आली. सून म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी. नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही. निरोप मात्र मला चारचौघांत आला, म्हणून उत्तरही चारचौघांत देते आहे.

झालं असं. पोरगी पहिलटकरीण. बाळंत होऊन अठरा दिवस झाले होते. डाव्या छातीत गाठ, वरची कातडी लाल, हात लावू देईना. थंडी वाजून ताप येत होता, त्यालाही पाच दिवस झाले होते. नजर उतरवून झाली. कणकेची पोटीस बांधून झाली. गरम विटेचा शेक झाला. कुणीतरी चुना-हळदीचा लेप दिला, त्याने कातडी पोळली. सहाव्या दिवशी तिने मला चोरून फोन केला आणि विचारलं, "आपा, दूध बंद करने की गोली कौनसी रहती?"

मी शाळा सुटल्यावर गेले. गाठ बोटाने दाबली तर आत पाणी भरल्यासारखी हलत होती. ते काय असतं हे मला माहीत होतं, का माहीत होतं ते पुढे सांगते. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. तिथे त्या दिवशी असलेले सर्जन पुरुष होते. सोनोग्राफी झाली, आत पू निघाला. जागा बधिर करून सुईने पू ओढून काढला. तीन दिवसांनी पुन्हा, आणि मग अजून एकदा. नर्सबाई शेजारी उभी, नवरा पडद्याच्या बाहेर, मी डोक्याशी. बाळाचं दूध एक दिवसही तुटलं नाही. आज पोरगी बरी आहे.

आणि घरात तिच्याशी कुणी धड बोलत नाही, कारण "मर्दाने देखा".

आमच्या भागात म्हशी, गायी घरोघरी. देवणी जातीची गाय ज्या देवणीच्या नावाने ओळखली जाते तो तालुका आमच्यापासून फार लांब नाही. म्हशीची कास सुजली, कडक झाली, दुधात गुठळ्या आल्या की तिला आपण दगडी म्हणतो. दगडी झाली की मालक काय करतो? त्याच सकाळी जनावरांच्या डॉक्टरला फोन. दोन तास उशीर झाला तरी चिडतो, कारण एक सड गेला तर म्हशीची किंमत पडते हे त्याला ठाऊक असतं. तो शब्द दुकानात, एस.टी.त, मशिदीच्या पायरीवर मोठ्याने बोलला जातो. तोच आजार सुनेला झाला की तिच्या तोंडी शब्दसुद्धा नसतो. ती म्हणते, "तबियत ठीक नहीं." नवरा मेडिकलवर जातो आणि म्हणतो, "बुखार की गोली दो." निरोप पाठवणाऱ्या घरात दोन म्हशी आहेत. मी एवढंच विचारते की म्हशीच्या कासेला हात लावणारा डॉक्टर चालतो, तिच्यासाठी पाच दिवस थांबत नाही. मग ही पोरगी त्या घरात म्हशीपेक्षा खालच्या पायरीवर का?

राग आला असेल तर येऊ द्या. पण आधी आजार समजून घ्या, कारण निम्मा दोष रागाचा नाही, न समजण्याचा आहे.

बाळ छातीला नीट लागलं नाही, म्हणजे फक्त बोंड तोंडात घेतलं आणि भोवतालचा काळा भाग बाहेरच राहिला, की दोन गोष्टी होतात. बोंडाला भेगा पडतात आणि दूध पुरतं ओढलं जात नाही. साचलेलं दूध आत दाबतं, तिथे सूज येते. दोन पाजण्यांमध्ये फार वेळ गेला, घट्ट कपडे घातले, किंवा दूध एकदम बंद केलं तरी हेच होतं. मग आपल्या सगळ्यांच्या कातडीवर आणि नाकात राहणारे जंतू, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस नावाचे, भेगेतून आत शिरतात. बाईला वाटतं फ्लू झाला: हाडं दुखतात, थंडी वाजते, ताप चढतो, आणि छातीचा एक भाग लाल, गरम, कडक होतो. या टप्प्यावर बहुतेक जणी बऱ्या होतात. बाळाला पाजत राहणं, बाळ नीट धरणं, विश्रांती, पाजून झाल्यावर थंड पट्टी, डॉक्टरांनी सांगितलेली दुखण्याची गोळी. एका दिवसात उतार पडला नाही तर अँटिबायोटिक, आणि ते पूर्ण दिवस. जोरजोरात मालिश करून गाठ "फोडायची" नाही. त्याने आतली सूज वाढते. आमच्याकडे दाई आणि घरातल्या मोठ्या बाया तेच करतात, बिचाऱ्या प्रेमाने करतात.

हा टप्पा हातचा गेला तर सुजेच्या मधोमध पू जमतो आणि शरीर त्याच्याभोवती भिंत घालतं. हे गळू. अशी सूज आलेल्या शंभर बायांत साधारण तीन ते अकरा जणींना ते होतं. एकदा भिंत बांधली गेली की नुसत्या गोळ्या पुरत नाहीत. औषध रक्तातून येतं, पुवाच्या पोकळीत पुरेसं पोचत नाही. पू बाहेर काढावाच लागतो. आज बहुतेक वेळा ते सोनोग्राफीत पाहून सुईने होतं, दोनतीनदा करावं लागलं तरी बाई चालत घरी येते. गळू फार मोठं झालं, वरची कातडी पातळ होऊन काळवंडली, तर चीर द्यावी लागते. म्हणजे सुई की सुरी, हे पुष्कळदा किती दिवस लपवलं यावर ठरतं.

माझ्या बाबतीत सुरी आली. २००६ साली मी माहेरी बाळंत झाले. सोळाव्या दिवशी उजवीकडे गाठ आली. बी.एड. झालेली, नोकरीला लागलेली मी, आईलासुद्धा चार दिवस सांगितलं नाही. आईने अब्बांना सांगायला अजून तीन दिवस घेतले. मग एका डॉक्टरांनी न तपासता, ओढणीवरून अंदाज घेऊन इंजेक्शन दिलं, दूध बंद करायच्या गोळ्या दिल्या आणि आठ दिवसांनी या म्हणाले. अकराव्या दिवशी भावाने भाड्याची जीप केली आणि नांदेडला नेलं. भूल देऊन चीर दिली. जखम शिवत नाहीत, आतून भरून यावी म्हणून उघडी ठेवून रोज पट्टी बदलतात. महिनाभर रोज ती पट्टी. मोठ्या मुलाला मी त्यानंतर कधीच पाजू शकले नाही, कारण दूध गोळ्यांनी आटलं होतं. ते आटवायची गरज नव्हती, हे मला चार वर्षांनी, धाकटीच्या वेळी एका डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्या दिवशी मी जेवढी रडले तेवढी ऑपरेशनच्या दिवशी रडले नव्हते. खूण अजून आहे. हे मी लिहायला नको होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी इथेच वाचणं थांबवलं तरी चालेल.

दूध बंद करण्याबद्दल अजून बोलायचं आहे, कारण आमच्याकडे सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. सूज आली की सासू म्हणते, दूध "खराब" झालं, बाळाला विष जाईल. अनेक डॉक्टरही घाईत तेच बोलून टाकतात. खरं असं आहे की सुजेत पाजलेलं दूध धडधाकट बाळाला बाधत नाही, आणि दूध बाहेर पडत राहणं हाच उपचाराचा भाग आहे. चीर दिलेली जागा बोंडाच्या अगदी जवळ असेल, किंवा बोंडातूनच पू येत असेल, तर त्या बाजूचं दूध तेवढे दिवस हाताने काढायचं आणि दुसऱ्या बाजूने पाजत राहायचं. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर डॉक्टरांना विचारायचं. एकदम बंद केलं तर साचतं, आणि साचलं तर गळू अजून वाढतं.

मग येतो डबा. दुधाच्या पावडरची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, पण भीतीची जाहिरात घरातच होत असेल तर कायदा काय करणार? मजुरी करणाऱ्या घरात डबा आठवडाभरही जात नाही. तो पुरवायचा म्हणून दोन चमच्यांच्या जागी एक चमचा पडतो, पाणी कसलं ते विचारू नका, आणि महिन्याभरात बाळ जुलाबाने दवाखान्यात. आईची गाठ दिसली नाही, बाळाचा हातपाय गळालेला मात्र सगळ्या मोहल्ल्याला दिसतो. तेव्हा पुन्हा नजरच उतरवतात.

आता दीनबद्दल, कारण निरोप दीनच्या नावाने आला आहे. मी आलिमा नाही. शिक्षिका आहे, वाचता येतं.

सूरह बकराची २३३ वी आयत दूध पाजण्याबद्दल आहे. पूर्ण दोन वर्षांचा उल्लेख तिथेच आहे, आणि तो सगळ्यांना पाठ असतो. त्याच आयतीत आईच्या खाण्यापिण्याचा, कपड्यांचा भार वडिलांवर टाकला आहे, आणि मुलापायी आईला त्रास पोचू नये असंही सांगितलं आहे. हा भाग मी आमच्याकडच्या कुठल्या बयानात ऐकला नाही. पहिला अर्धा भाग बाईला सुनवायचा आणि दुसरा अर्धा पुरुषाने गिळायचा, ही कुठली दीनदारी?

पुरुष डॉक्टरचं म्हणाल तर बाई डॉक्टर मिळत असेल तर तिच्याकडे जावं, मीही जाईन. मिळत नसेल तर गरजेपुरता भाग गरजेपुरता वेळ पुरुष डॉक्टरला दाखवता येतो, जवळ घरचं माणूस असावं, हे फिकहमधलं सर्वमान्य मत आहे. जरूरत मनाईला शिथिल करते हा उसूल मदरशातल्या पोरालाही माहीत असतो. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या काळात रुबय्यि बिंत मुअव्विज आणि इतर सहाबियात लढाईत जखमींची मलमपट्टी करत. सहीह बुखारीत ते आलेलं आहे. ते जखमी पुरुष होते. तेव्हा कुणी निरोप पाठवला नाही. अंदलुसच्या अबुल कासिम अल जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वी सर्जरीवर ग्रंथ लिहिला, त्यात गळू कसं चिरावं, पू कसा काढावा हे अवजारांच्या चित्रांसकट आहे. त्यांचं नाव आपण जलशात छाती फुगवून घेतो आणि घरात गळवावर चुना लावतो.

दम करायला माझा विरोध नाही. माझ्या आईने माझ्यावरही दम केला होता. दम करा आणि रिक्षा बोलवा. दम झाल्यावर रिक्षा न बोलवणं, याला तवक्कुल म्हणू नका.

आणि हया? हया हा फार सुंदर शब्द आहे, मी तो वर्गात शिकवते. ज्याला हया आहे तो दुसऱ्याच्या दुखण्याची थट्टा करत नाही, उघडं झाकतो. ताप चढलेल्या पोरीला पाच दिवस खोलीत झाकून ठेवण्याला मी हया म्हणणार नाही. ती फक्त लोक काय म्हणतील याची भीती आहे. तिला अरबी नाव दिल्याने ती पाक होत नाही.

आमच्यातच हे आहे असं समजून दुसऱ्या समाजातल्या वाचकांनी निवांत बसू नये. माझ्या मराठा आणि लिंगायत शेजारणींकडेही बाज, शेगडी, धुरी आणि तोंडाला कुलूप हेच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत बायांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या गावांत आमचा परदा नव्हता. मौन सगळ्यांचंच आहे, आम्ही त्याच्यावर अजून एक ओढणी टाकतो एवढंच.

आमच्यात बाळंतिणीचा चिल्ला चाळीस दिवसांचा. छातीत गाठ होण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या सहा आठवड्यांत, म्हणजे नेमका चिल्ल्यात. आणि सरकारचा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, जो २०११ साली सुरू झाला, तो बाळंतिणीला सरकारी दवाखान्यात मोफत उपचार, औषध, तपासणी, गाडी देतो, तीही बाळंतपणानंतर ४२ दिवस. हिशोब करा. चिल्ला संपेपर्यंत घरातच बसायचं ठरवलं तर हातात दोन दिवस उरतात! आशाताईने दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. बाळ आणि आई दोघांनाही पाहायचं असतं. ती येते. आमच्याकडे तिला दारातून चहा देतात, बाळ बाहेर आणून दाखवतात, वजन होतं, सही होते. आईला कुणी बाहेर आणत नाही आणि आशाताईला कुणी आत घेत नाही. सातव्या दिवशी ती आत गेली असती, बाळ कसं धरलंय हे तिने पाहिलं असतं, तर माझ्या विद्यार्थिनीची भेग तेव्हाच दिसली असती.

डॉक्टरांनाही सोडत नाही मी. ओढणीवरून तपासणारे, हलणारी गाठ असताना आठवडाभर नुसती इंजेक्शनं देत बसणारे, आणि बाईने "इथे नको" म्हटलं की सुटलो म्हणून कागद लिहिणारे, हे सगळे आमच्या लाजेवर पोट भरतात. एक गोष्ट तर ते सांगतच नाहीत आणि ती सांगायलाच हवी. पू काढूनही, औषध पूर्ण घेऊनही गाठ तशीच राहिली, किंवा न पाजणाऱ्या बाईला अशी सूज आली, तर पुढची तपासणी, गरज पडल्यास तुकडा काढून तपासणी, केलीच पाहिजे. क्वचित तो क्षय असतो. छातीतही टीबी होतो, आणि जखम भरते-फुटते असं चालू राहतं. क्वचित तो कॅन्सर असतो, जो सुजेसारखाच लाल दिसतो. साखरेचा आजार असेल तर तोही पाहावा लागतो. घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण "दूध की गांठ है" म्हणून वर्ष काढलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

बाई डॉक्टरच हवी असं म्हणणाऱ्यांना माझा एक साधा प्रश्न आहे, रोज हजेरी घेताना पडणारा. ती बाई डॉक्टर येणार कुठून? आकाशातून? माझ्या वर्गात दरवर्षी चारपाच मुली अशा असतात की गणित-विज्ञानात मुलांना मागे टाकतात. दहावीचा निकाल लागतो, मी पेढे खाते, आणि बकरीदच्या आत त्यातल्या दोघींच्या मंगनीचं बोलावणं येतं. सायन्स घ्यायला बाहेरगावी पाठवायचं म्हटलं की परदा आडवा येतो. मग दहा वर्षांनी त्याच मुलीच्या छातीत गाठ होते आणि तोच बाप बाई डॉक्टर शोधत फिरतो. निरोप पाठवणाऱ्या घरातल्या धाकट्या मुलीला गेल्या वर्षी दहावीला नव्वदच्या वर टक्के होते. तिने पुढे काय केलं ते मी इथे लिहीत नाही, मोहल्ल्याला माहीत आहे.

शाळेचीही चूक आहे, आणि ती माझी चूक आहे. आम्हाला बी.एड.ला पाठाचं टाचण काढायला शिकवलं, फळ्यावर अक्षर कसं काढावं ते शिकवलं. विज्ञानातला प्रजननाचा धडा आला की "घर पे पढ लो" म्हणायचं, हे मात्र कुणी न शिकवता आम्ही शिकलो. मी भाषा शिकवते, म्हणून मला शब्दांचं जास्त वाटतं. उर्दूत या आजाराला थनेला असा शब्द आहे. मराठीत स्तनातलं गळू म्हणता येतं. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या मला, पंचविशीत, ताप चढलेला असताना, स्वतःच्या आईसमोर यातला एकही शब्द उच्चारता आला नाही. मी म्हटलं होतं, "यहाँ दुखता." बोटाने खांदा दाखवला होता.

त्या पोरीचा परवा मेसेज आला. जखम सुकली, बाळ दोन्हीकडे पितं. खाली तिने लिहिलं होतं की तिच्या जावेला आता सातवा महिना आहे आणि जावेने तिला गुपचूप विचारलं, बाळ कसं धरायचं ते दाखवशील का. दाखवलं म्हणे, उशी घेऊन.

येत्या पालकसभेत मी हा विषय मांडणार आहे. आशाताई येणार आहेत, कापडाची बाहुली घेऊन. मुख्याध्यापकांनी सुचवलं की फक्त अम्मी लोकांपुरतं ठेवा. मी चिठ्ठीत "वालिद साहब भी तशरीफ लाएं" असं लिहून चिठ्ठ्या वाटल्या आहेत.